खाकी लोकरीचं टोपडं

चूक माझी होती, सर्वस्वी माझी. आजवर बाहेर कुणापाशी हे बोललो नाही. बायकोला सांगितलं, तेही फार उशिरा.

नवरा गेल्यावर माझी धाकटी बहीण शांता आमच्याकडे पिंपरीला राहायला आली. मी कारखान्यात नुकताच लागलो होतो. आमचं पहिलं मूल जन्मताच गेलेलं आणि बायकोला पुन्हा दिवस गेलेले. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यात बायको इतकी धसकलेली, की घरात अंगड्या-टोपड्याचं नावही कुणी काढत नसे.

आणि शांताच्या गाठोड्यात मला अर्धं विणलेलं टोपडं सापडलं.

गाठोडं मी उघडलंच का? कारण मी पाळतीवर होतो. मला पाहिलं की ती काहीतरी पदराखाली लपवायची. दुपारची कुठेतरी जायची. आणि लोकर होती खाकी — देहूरोडच्या छावणीतल्या फौजींच्या स्वेटरची. विधवा बाई, फौजी लोकर, तान्ह्याचं टोपडं — पुढचं सगळं मीच रचलं.

"कोण आहे तो?"

"कोन बी न्हाई, दादा."

"मग हे कुणासाठी?"

तिने अंगणातून आत चुलीपाशी बसलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. "आत्ता नगं इचारूस," एवढंच हळू म्हणाली.

मला ती कबुलीच वाटली. टोपडं मी बायकोच्या नकळत बंबात टाकलं. दुसऱ्या दिवशी तिला आळंदीला मावशीकडे सोडलं आणि मावशीला बाजूला घेऊन सांगितलं — हिच्यावर नजर ठेव, महिन्याची बाहेर बसते का बघ. सख्ख्या बहिणीबद्दल हे बोललो मी.

पुढे मावशीचा निरोप आला, "पोर न्हातीधुती हाय. तुझंच मन नासलंय, मुडद्या."

तरी तिला परत आणलं का? नाही. टोपड्याचा उलगडा कुठे झाला होता?

मुलगी झाली. निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधी बाई दारात आली, हातात खाकी लोकरीचं अंगडं. शांता दुपारी तिच्याकडेच विणकाम शिकायची. जुन्या बाजारातला स्वेटर दोघींनी मिळून उसवला होता. "आपकी बहन बोली थी, बच्चा होने के बाद देना," ती म्हणाली. "पहले बताएँगे तो भाभी डरेगी."

आत बायकोने विचारलं, कुणी विणलं हो? मी म्हणालो — त्या सिंधी बाईने. वन्सं का गेल्या, असं तिने पूर्वी विचारलं तेव्हाही म्हणालो होतो — तिचं इथे मन रमेना. याला भित्रेपणा नाही तर काय म्हणायचं? ते अंगडं घालून माझी मुलगी रांगली. शांता मात्र मावशीच्या घरी, मी घेतलेल्या आळाखालीच राहिली.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. मुलीला कडेवर घेऊन ती म्हणाली, "चला आळंदीला."

शांता ओसरीवर तांदूळ निवडत होती. मावशीसमोर, बायकोसमोर म्हणालो, "शांते, मी तुझ्यावर घाणेरडा आळ घेतला. खोटा आहे हे कळल्यावरही गप्प बसलो. माझं चुकलं."

थोरल्या भावाने धाकट्या बहिणीच्या पाया पडावं, अशी आमच्यात रीत नाही. मी पडलो.