पखवाजाची कणीक

आमच्या कुरुंद्यात भजनाला बसण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. ती लागली की आवाज भरीव होतो. संतरामच्या पखवाजाची कणीक तीस वर्षे त्यांच्या पत्नी मंजुळाबाईंनी मळली. उन्हाळ्यात सैल, पावसाळ्यात घट्ट. आतून आवाज ऐकूनच त्या सांगत, "चिमूटभर काढा ओ, लई जड झाली."

त्यांना वाजवताही येतं, हे मला शेजारी असूनही उशिरा कळलं. वडील पखवाजी. त्यांनी मुलांना समोर बसवून शिकवलं. मंजुळाबाई चुलीपाशी परातीवर बोटं चालवत शिकल्या. दोन्ही भावांनी पुढे वाद्य सोडलं.

चार वर्षांपूर्वी संतरामची बोटं आखडली. भजनी मंडळ बायकांचं असलं तरी पखवाजावर पुरुष, ही आमच्याकडची रीतच. म्हणून जवळा बाजारचा एक वादक बोलावू लागले. पुढच्या वर्षी एका एकादशीला तो आलाच नाही, तेव्हा मंजुळाबाईंनी पखवाज पुढे ओढला.

"अगं बया," मंडळाच्या धुरपताबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं आमाला बेताल नाचू देऊन तू गंमत बघून राहिली व्हय!"

"इचारलं कोणी मला?"

त्याच वर्षी तालुक्याला महिला भजन स्पर्धा होती. तिथे एकदा चारचौघांसमोर वाजवायचं, एवढीच त्यांची इच्छा. मंडळाचे अर्ज मीच भरतो. शाळेच्या कार्यालयात आयुष्य गेलं, रकाने चुकत नाहीत. मागच्या अर्जावरून नवा उतरवला. पखवाज, संतराम. टाळ, मंजुळाबाई. दोनदा तपासला आणि दिला.

स्पर्धेत मंजुळाबाई पखवाज घेऊन बसल्या, तर परीक्षकांनी यादी पाहिली. "पखवाजाला संतराम आहेत. ते कुठायत?"

संतराम उठले. "साहेब, माझी बोटं वळत न्हाईत. हिचा हात माझ्यापरीस बराबर हाय."

"यादीत नाव आहे तोच बसेल."

मी पुढे होऊन म्हणालो, "चूक माझी आहे, साहेब. जुनी यादी उतरवली."

ते हसले. "चूक कसली? बरोबरच भरलंय तुम्ही. बाईमाणसाला टाळ."

मंजुळाबाईंनी कणीक लावून दिली, मागे सरकल्या आणि टाळ उचलले. दुसऱ्या अभंगाला संतरामचा ठेका घसरू लागला. मंजुळाबाईंनी टाळावर तो कसाबसा धरून ठेवला. नंबर आला नाही. परतताना जीपमध्ये धुरपताबाई म्हणाल्या, "संतरामभाऊ, आता कणीक तुमीच मळत जा." सगळ्या हसल्या. मंजुळाबाई बाहेर बघत राहिल्या.

पुढची दोन वर्षे स्पर्धा झालीच नाही. यंदा अर्ज आला. मी मे महिन्यात निवृत्त होतोय. हा बहुधा माझा शेवटचा. सगळ्यांत आधी पखवाजाचा रकाना भरला आणि दाखवायला गेलो.

मंजुळाबाई अंगणात हळद निवडत होत्या. आपलं नाव त्यांनी वाचलं. मग उजवा हात पुढे केला. पिवळी बोटं सांध्यांत सुजलेली.

"सकाळच्याला मूठ मिटत न्हाई, भाऊजी. लई उशीर केला तुमी."

मी अर्ज परत घेऊ लागलो.

"राहू द्या नाव. जमल तेवढं वाजवीन."

आत संतराम परातीत पखवाजाची कणीक मळत बसले होते. त्यांनी विचारलं, "अगं, लई सैल झाली का बघ."

"हितूनच दिसून राहिली," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात देत उठल्या.