हिरव्या चिंधीच्या पुड्या

चकचकीत पाकिटाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात माझ्यामुळे शिरला. त्याआधी घराला तो पडलेलाच नव्हता. बिस्किटाचा पुडा संपला की त्याचं वेष्टन न्हाणीच्या चुलीत जायचं. पावसाळ्यात लाकडं ओली असतात आणि प्लास्टिकइतकं झटकन दुसरं काही पेटत नाही. आई त्याला ‘रॉकेलची बहीण’ म्हणायची.

मी बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढले. वाटून उरलेली पत्रकं घरी येत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहीत असे. त्यामुळे आता घरात प्लास्टिक जाळायचं नाही, असं मी सांगितलं तेव्हा माझा सूर जाहीर निषेधाचाच होता.

“मग ओलं लाकूड पेटवायला काय तुझ्या बापाची पत्रकं घालू?” आईनं विचारलं.

“जुनी घाल,” बाबा म्हणाले. “नवी वाटायची आहेत अजून.”

चेष्टा झाली, पण आई ऐकेल याची मला खात्री होती. त्या काळ्या धुरात रोज सकाळी तिचंच तोंड असायचं. थोडे दिवस कुरकुर करून तिनं सुक्या काटक्या वेगळ्या साठवायला सुरुवात केली.

आमच्याकडे पूर्वी कचरा हा शब्द फारसा कुणी वापरत नसे. केर होता. तो केरसुणीनं अंगणापर्यंत जाई, अंगणातून उकिरड्यात, आणि चैत्र-वैशाखात उकिरड्यातून शेतात. राख, साली, शेण, फुटकं मडकं, कशाचंही शेवटी मातीशी जमे. आता उकिरडा उपसला की खालून शाम्पूच्या पुड्या निघतात, जशा टाकल्या तशा, नव्याकोऱ्या. माझ्या पिढीनं मातीला पहिल्यांदाच असं काही दिलं जे ती घेत नाही. यात आमची अक्कल कमी पडली, असं मला सांगू नका. पाच रुपयांची पुडी डोंगरातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचवायची अक्कल ज्यांच्याकडे आहे, त्यांना ती परत कशी न्यायची हे सुचत नाही, यावर माझा विश्वास नाही.

असो. मी घरापासून सुरुवात केली. तेलाला किटली, मटणाला डबा, भाजीला आईच्या जुन्या साडीची पिशवी. दुकानदार मला लांबून येताना बघूनच म्हणायचा, “आली बघा, भांडी घेऊन आली. बाय, साखर हातावर घेतेस का पदरात?” मी पदर घेत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

एवढं करूनही पाकिटं येतच. पाहुणे आणत, दादा कामावरून येताना आणे, रेशनबरोबर मसाला येई. ती मी धुवायची, दोरीवर वाळवायची, घडी घालून विड्याएवढा चौकोन करायची. सुटी ठेवली तर वाऱ्यानं अंगणभर होत, म्हणून आईच्या विटलेल्या हिरव्या साडीच्या चिंध्या फाडून एकेक पुडी बांधायची आणि पडवीतल्या गोणीत टाकायची.

गोणी भरली की दादा ती मोटारसायकलच्या मागे बांधून न्यायचा. दादा पडघ्याच्या बाजूला एका गोदामात कामाला आहे. वाटेत ओहोळावरचा पूल लागतो, पुढे आसनगावला एक भंगारवाला बसतो, तो हे घेतो, असं दादा म्हणाला. पहिल्यांदा परत आला तेव्हा मी विचारलं, “घेतलं का रे?”

“घेतो घेतो,” तो हेल्मेट काढता काढता म्हणाला. “तू भर.”

मी भरत राहिले.

त्या वर्षी घरात याहून मोठी गोष्ट चालली होती. दादाचं लग्न. तिशी ओलांडली होती आणि दोन स्थळं पाण्यावरून मोडली होती. आमच्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते आणि मे महिन्यात आमच्या विहिरीवर बायका टँकरची वाट बघतात. अशा गावात मुलगी द्यायला कोण तयार होईल? दुसऱ्या वेळी मुलीच्या बापानं आमच्या अंगणातले रिकामे हंडे नुसते बघितले आणि चहा न घेता उठला. त्यानंतर दादा लग्नाचा विषय निघाला की गोठ्यात जायचा.

मग दिवाळीनंतर हे तिसरं स्थळ आलं. गाव आमच्याच ओहोळावर, पण खालच्या अंगाला, जिथे डोंगर संपून भाताची सपाट खाचरं सुरू होतात. मुलगी नर्सिंगचं शिकलेली, शहापूरला एका दवाखान्यात कामाला. आम्ही तिला बघून आलो. परत येताना दादा गाडीवर शीळ घालत होता, आणि आई मागे बसून मला हळूच म्हणाली, “हे मोडलं कनी, तर हा परत उभा राहायचा नाय गो.”

आता त्यांची माणसं आमचं घर बघायला येणार होती.

आईनं आदल्या दिवशी सगळं घर सारवलं आणि मग पडवीतल्या गोणीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ही उचल.”

“कुठे ठेवू? आत जागा नाही.”

“तर मंग पेटव.”

“आई!”

“पाव्हण्यांना काय सांगू? आमची लेक कचरा बांधून ठेवते, आंदण द्यायला?”

शेवटी तिनं तोडगा काढला. गोणी भिंतीशी आडवी केली, तिच्यावर जुनं पोतं, पोत्यावर गोधडी. लांबून बसायची बैठक वाटावी असं झालं. मला ते खोटेपणाचं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं, पण दादानं हात जोडले तेव्हा गप्प बसले.

पाहुणे म्हणजे मुलीचे वडील आणि तिची आत्या. वडील मितभाषी. आत्या मात्र अंगणातूनच बोलत आली. “वहिनी, रस्ता काय तुमचा! पोटातलं सकाळचं परत हलवून दिलं.” आणि खुर्ची पुढे करायच्या आत ती थेट गोधडीवर जाऊन बसली.

गोणी कुरकुरली.

“काय गो, आत पापड भरलेत का काय?” आत्या म्हणाली.

“मुरमुरे,” आई म्हणाली. आईला मी आयुष्यात खोटं बोलताना फार कमी ऐकलंय.

बोलणं चांगलं चाललं. वडिलांनी विहीर बघितली आणि बाबांनी उन्हाळ्याचं खरं खरं सांगितलं. आत्या म्हणाली, “पाण्याचं आमचंही तेच. वर पाणी तुमी अडवता आणि खाली आमी बोंबलतो.” सगळे हसले. मग यंदाच्या भाताचा विषय निघाला.

“भात बरं झालं,” आत्या म्हणाली, “पण लावणीला जे झालं ते वैऱ्याला नको.” आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

लावणीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या ओहोळाकाठच्या खाचरात बायका उतरल्या. चिखलात हात घातला तर एकीच्या हाताला पुडी लागली. नीट चौकोनी घडी, वरून हिरवी चिंधी बांधलेली. तिनं किंचाळून टाकून दिली. तर पुढे दुसरी, बांधाच्या कडेला तिसरी. बायका खाचरातून बाहेर आल्या त्या परत उतरेनात. कुणीतरी करणी केलीय, हे सगळ्यांना दिसतच होतं. बांधावरून कोणाचं वाकडं आहे तर ते मुलीच्या वडिलांच्या चुलतभावाचं, हेही दिसत होतं. भगत बोलावला, नारळ फोडला, कोंबडी कापली. चुलतभावाला पंचांपुढे शपथ घ्यायला लावली. त्यानं घेतली, पण त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. त्याच्या घरची पोरं यांच्या अंगणातून शाळेत जात, ती आता ओहोळाकाठानं वळसा घालून जातात.

“एकाच चुलीवर वाढलेले हो हे दोघं,” आत्या वडिलांकडे बोट दाखवून म्हणाली. ती हलली तशी तिच्याखालची गोणी पुन्हा कुरकुरली. वडील खाली बघत होते.

मी दादाकडे बघितलं. तो आत्याकडे बघत नव्हता, गोधडीकडे बघत होता. तेव्हा मला सगळं कळलं. भंगारवाला, ‘घेतो घेतो’, कामावर जातानाच्या वाटेवरचा ओहोळावरचा पूल.

आईनं माझं मनगट धरलं. तिलाही कळलं होतं. तिची बोटं सांगत होती, एक शब्द काढू नकोस. आणि खरं सांगायचं तर तिनं धरलं नसतं तरी मी लगेच बोलले असते का, मला माहीत नाही. पत्रकात लिहिलेलं सत्य कुणाचंही लग्न मोडत नाही. ते कुणाला तरी उद्देशून असतं, सरकारला, कंपनीला, कुणातरी लांबच्याला. इथे समोर माझा भाऊ होता. गप्प राहिलो तर एका संध्याकाळात त्याचं आयुष्य मार्गी लागत होतं. बोललो तर खालच्या गावातली दोन घरं बोलायला लागली असती. गप्प राहायला काही करावंच लागणार नव्हतं.

दादा उठला.

“आत्या, जरा उठता का?” तो म्हणाला.

“का रे बाबा? मुरमुरे चुरतील?”

“उठा ना.”

ती उठली. त्यानं गोधडी काढली, पोतं काढलं, गोणीचं तोंड सोडलं आणि एक पुडी काढून वडिलांच्या हातात दिली.

“करणी नाय ती,” दादा म्हणाला. “कचराय आमच्या घरचा. ही बांधते आणि मी नेतो. भंगारवाला बाटल्या घेतो, हे घेत नाय. पहिल्याच दिवशी नाय म्हणाला. मी पुलावरून टाकत होतो.”

वडिलांनी पुडीची चिंधी सोडली. आतून धुतलेली, चपटी केलेली वेफर्सची पाकिटं निघाली. त्यांनी एक नाकाजवळ नेऊन हुंगलं.

“धुऊन?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“धुऊन, बांधून, आमच्या शेतात.”

आत्यानं पदर खोचला. “म्हणजे माझी अंड्यावरची कोंबडी वेफर्सपायी गेली?” कोणी हसलं नाही. तीही हसत नव्हती.

ते निघाले. वडील अंगणात एवढंच म्हणाले, “कळवतो.” आमच्या भागात ‘कळवतो’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, दादाशीही नाही. बाबा दादाजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?”

“तुमाला सांगितलं असतं तर तुमी पत्रक काढलं असतं,” दादा म्हणाला. “हिला सांगितलं असतं तर हिनं मलाच दोरीवर वाळवला असता. ही एवढी जीव लावून बांधायची. कोणी घेत नाय, हे हिला कसं सांगू?”

मला राग आला होता, पण तो धरायला जागा सापडेना. त्यानं टाकलं, हे चूक. पण कुठे न्यायचं होतं त्यानं? ग्रामपंचायतीची गाडी आमच्याकडे येत नाही. जिथे येते, तिथून ती दुसऱ्या ओढ्यात रिकामी होते. घरातला कचरा कमी करायचा म्हणजे काय, हा विचार मी इतके दिवस उंबऱ्याच्या आतच केला होता. उंबऱ्याबाहेर कोणाच्या तरी शेताची वरची बाजू असते, हे मला कोणत्याही पत्रकानं सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दादा खालच्या गावात गेला. कोणी सांगितलं नव्हतं. मी मागे बसले. तो मुलीच्या घरी गेलाच नाही, आधी त्या चुलतभावाच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगितलं. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं, मग आमच्या दोघांच्या देखत अंगण ओलांडून, बंद पडलेल्या वाटेनं मुलीच्या वडिलांच्या ओटीवर गेला आणि ओरडला, “ऐकलंस का रे! वेफर्स! माझ्याकडून देवावर हात ठेवून घेतलास ना वेफर्ससाठी!” वडील बाहेर आले. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग दोघांनी दादाकडे बघितलं. दोन घरांचा अबोला संपला तो दोघांनी मिळून माझ्या भावाला शिव्या घालताना. एकानं थांबावं तर दुसऱ्यानं सुरू करावं. दादा मान खाली घालून उभा होता. त्यांनी दमून पाणी मागवलं तेव्हा आम्ही निघालो.

आठवड्यानं मुलीचा फोन आला. दादानं तो पडवीत उभं राहून घेतला आणि स्पीकर चुकून चालूच राहिला, म्हणून मला ऐकू आलं.

“पुलावरून टाकत होतात,” ती म्हणाली, “तेव्हा खाली कोण राहतं ते माहीत होतं?”

“तुमी राहता ते माहीत नव्हतं.”

“मी राहत नसते तर चाललं असतं?”

दादा पडवीच्या कडेला आला. अंगणात कोंबड्या टोचत होत्या. तो काहीतरी बरं दिसेल असं बोलेल, असं मला वाटलं.

“तेव्हा चाललं असतं,” तो म्हणाला. “आता नाय चालणार.”

मग ती म्हणाली, “बरं. बाबांना मी सांगते. आत्याला टाइम लागेल.”

सुपारी पौषाच्या आधीच फोडली. आम्ही पत्रावळी नेल्या, त्या आईनंच टाचल्या होत्या. आत्यानं पहिली पत्रावळ उलटीसुलटी करून बघितली, कुठे चिंधी बांधलीय का ते. मुलीचे वडील आणि त्यांचा चुलतभाऊ एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले होते, आणि दोघं मिळून आमच्याकडे रागानं बघत होते.