फुटलेला ग्रीक कुंभ आणि दोन कबुलीजबाब

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त होऊन मी मुलीकडे, दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो होतो. घरी बसवेना, म्हणून खोर फक्कानला एका वयस्कर अरब गृहस्थांच्या खासगी संग्रहालयात सुरक्षा अधिकारी झालो. आठवडाभर तिथं राहायचं, सुट्टीला मुलीकडे.

तिथं प्राचीन ग्रीक भांड्यांचं एक दालन होतं. तांबूस मातीवर काळ्या आकृत्या. चेहरा बाजूने काढलेला, डोळा मात्र समोरून. एका भांड्यावर सिंहाशी झुंजणारा वीर, दुसऱ्यावर द्राक्षवेलीखाली नावेत पहुडलेला मद्याचा देव. मालकांचा सर्वांत लाडका होता एक उंच, दोन कानांचा कुंभ. त्यावर ट्रॉयच्या लढाईतला एक योद्धा मेलेल्या मित्राला खांद्यावर घालून रणातून बाहेर नेतोय. नावं मला नीट उच्चारता येत नाहीत, पण फेरीवर असताना माझे पाय तिथं थांबत.

ईदच्या सुट्टीनंतर त्याच्या काचेच्या कपाटात कुंभाऐवजी कार्ड दिसलं: ‘दुरुस्तीसाठी बाहेर’. माझ्या सहीशिवाय एकही वस्तू गेटबाहेर जात नसे, आणि मी सही केलेली नव्हती. दुपारी कँटीनच्या आचाऱ्याने हळूच सांगितलं, की मॅडम आणि चाचा एक खोकं घेऊन मागच्या खोलीत गेले, आणि दोघांचे डोळे लाल होते.

मॅडम म्हणजे भांड्यांची निगा राखणाऱ्या पुण्याच्या बाई. चाचा म्हणजे वस्तू हलवण्याचं काम करणारे श्रीवर्धनचे गृहस्थ. त्यांचं अर्धं आयुष्य गल्फमध्ये गेलं होतं आणि आता ते कायमचे गावी निघाले होते. मी खोकं उघडलं. आत कुंभाचे तुकडे होते.

मालकांना कळवणं भाग होतं. ते शांतपणे म्हणाले, “उद्यापर्यंत नाव द्या. नाहीतर मी पोलिसात तक्रार करतो.” तक्रार झाली असती, तर त्या माणसाची नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात आले असते.

दोघांची चौकशी मी वेगवेगळी केली आणि जबाब कागदावर लिहून घेतले. चाचा खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “साहेब, माझ्या हातून पडला. खलास. मॅडमना मध्ये घेऊ नका.” तासाभराने मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं, की रिपोर्टसाठी फोटो काढताना त्यांचाच धक्का लागला, चाचा तर तिथं नव्हतेच.

आरोप दुसऱ्यावर ढकलणारे मी जन्मभर पाहिले होते. इथं दोघं तो आपल्याकडे ओढत होते. अशा वेळी मी बारीकसारीक विचारत बसतो. ज्याच्या हातून वस्तू खरोखर सुटते, त्याचे हात सांगताना आपोआप हलतात. या दोघांचे हात मांडीवरून उठले नाहीत. शेवटी मी दोघांनाही एकच प्रश्न केला: पडताना आवाज कसा झाला? चाचांनी “पडला, खलास” एवढंच पुन्हा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “आय डोन्ट रिमेंबर.” एवढा कुंभ फुटल्याचा आवाज कोणी विसरत नाही. फुटला तेव्हा दोघंही तिथं नव्हते, हे मला कळून चुकलं.

मग दोघांना तुकड्यांसमोर उभं केलं आणि मॅडमना म्हणालो, “हे भांडं दुसऱ्याच कुणाकडून तपासायला आलंय असं समजून बघा.” त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ एकेका तुकड्याची कड पाहिली आणि मग भिंग माझ्या हातात दिलं. मातीला नवी चीर कुठेच नव्हती. सगळ्या कडांना जुनी पिवळी लाख चिकटलेली होती. कुंभ फार पूर्वीच फुटला होता. कोणीतरी तो जोडून वरून रंग दिला होता. सुट्टीत देखभालीसाठी एसी बंद होता, त्या उकाड्यात लाख मऊ झाली आणि कुंभ कपाटातच उकलला.

ईदनंतर आधी चाचा आत गेले होते. आदल्या आठवड्यात मॅडम त्या कपाटात काम करत होत्या, म्हणून त्यांचीच चूक झाली असावी असं समजून ते तुकडे गोळा करत बसले. मॅडमनी त्यांना तसं पाहिलं, यांच्याच हातून पडला असं धरलं आणि कपाटात ते कार्ड ठेवलं. एकमेकांना एका शब्दाने विचारलं नाही.

“मॅडमचा मुलगा इथं शाळेत आहे,” चाचा म्हणाले. “मी तर निघालोच होतो.”

“आयुष्य इथं घालवून तुम्ही असा डाग घेऊन विमानात बसायचं?” मॅडम म्हणाल्या.

एवढं झाल्यावर दोघं एकमेकांवर चिडले. मी निष्काळजी आहे असं तुम्हाला वाटलंच कसं, यावरून चांगलीच जुंपली. मी मध्ये पडलो नाही, चहा मागवला.

मालकांनी तुकडे स्वतः पाहिले आणि कुंभ पुन्हा जोडायला सांगितला, पण सांधे दिसू द्यायचे या अटीवर. चाचांनी जाणं पुढे ढकललं. मॅडम जोडत होत्या आणि ते खालून तुकडे धरत होते.

कबुली मिळाली की तपास संपला, असं आम्हा पोलिसांना फार लवकर वाटतं. माणूस भीतीपोटी कबूल होतो, तसा जिव्हाळ्यापोटीही होतो, हे मी वर्दी उतरवल्यावर शिकलो. मालकांना दिलेल्या अहवालात मी कारण लिहिलं: उष्णतेने जुना सांधा सुटला. दोन्ही कबुलीजबाब मात्र त्याला जोडले नाहीत. खोट्या साक्षीचे ते दोन कागद माझ्या कपाटात आहेत. नोकरीतली पदकं कुठे आहेत ते मला शोधावं लागेल, हे कागद मी अंधारातही काढून देईन.