वावरावरचं हेलिकॉप्टर

माझं रिमोटचं हेलिकॉप्टर कपाशीच्या पऱ्हाटीत पडलं आणि त्याची शेपटीकडची मोटर जळली. मी इचोड्याच्या बाजारातून नवी मोटर आणली, घरीच सोल्डर करून बसवली आणि बेला गावातल्या आमच्या वावरात उडवून पाहू लागलो. तेवढ्यात शेजारच्या वावरातले काका दोन वावरांमधल्या धुऱ्यावर आले. रोज हाक मारणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता वर बघत उभा राहिला.

"माह्या वावराची मोजणी करून राह्यला का?"

"नाही जी काका, खेळणं आहे हे."

"मंग हा लाल दिवा काऊन लुकलुकते?"

बॅटरी उतरली की तो लागतो, असं मी सांगितलं. त्यांना पटलं नाही; आत मोजणीचा कॅमेराच असणार, असं ते म्हणाले. शेवटी मी हेलिकॉप्टर खाली उतरवलं, स्क्रू काढले आणि मोटर, दातेरी चाकं, सर्किट एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवलं. कॅमेरा कुठेच नव्हता.

"घरी काढून ठेवला असशील," ते म्हणाले आणि निघून गेले.

मला रागच आला. पण मागच्या मोजणीत त्यांची विहीर दुसऱ्याच्या हद्दीत दाखवली होती आणि ती दुरुस्त करायला ते अजून कचेरीत खेटे घालत होते, हे मला माहीत होतं.

पुढे मी मोठं हेलिकॉप्टर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार कॅमेरावालंच दाखवत होता. मी बिनकॅमेऱ्याचं निवडलं आणि बंद खोका थेट काकांकडे नेला. त्यांनी तो स्वतः फोडला, हेलिकॉप्टर उलटंपालटं करून पाहिलं.

"उडव," ते म्हणाले, "पण तुह्याच वावराच्या अंगाले."