विसाव्या पावलावरचा बाण

माझे काका हॉस्पिटलात पाट्या रंगवायचे. सगळा स्टाफ त्यांना 'बाण' म्हणायचा. 'बाण जेवायला गेलेत', 'बाण आज तापलेत', असं. मी त्यांची सख्खी पुतणी, आणि त्याच हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसते. माझ्या डोक्यावर 'एक्स-रे डावीकडे' अशी हातभर अक्षरांची पाटी आहे, तरी तिच्याखालीच उभं राहून माणसं विचारतात, "एक्स-रे कुठे?" माझं डोकं फिरतं. काका मात्र शांतपणे म्हणायचे, "घाबरलेल्या माणसाला अक्षरं दिसत नाहीत पोरी, बाण दिसतो."

एवढं शहाणं बोलणाऱ्या माणसाला स्वतःचंच वाक्य कळायला एकोणीस वर्षं लागली.

आमचं हॉस्पिटल एका दमात बांधलेलं नाही. जागा कमी पडली की एक इमारत वाढवायची आणि आधीच्या इमारतीला भोक पाडून जोडायची, असं करत करत ते वाढलं. त्यामुळे खोल्यांपेक्षा जाण्यायेण्याच्या वाटाच जास्त. काकांचे त्या वाटांसाठी दोन नियम होते. पाटी लावण्याआधी ती वाट स्वतः चालून यायची, जाताना आणि येताना पावलं मोजत. आणि दर वीस पावलांवर एक लाल बाण काढायचा. वीस पावलांनंतर माणसाला शंका येते, असं त्यांचं म्हणणं.

एकदा कार्यालयातून कागद आला. सगळ्या पाट्या मराठीत करायच्या होत्या. कागदावर तेवीस वाटा होत्या, डावीकडे तेवीस वेळा 'कॉरिडॉर' आणि उजवीकडे तेवीस वेळा 'मार्गिका'. काका कागद घेऊन थेट साहेबांच्या टेबलाशी गेले.

"सगळ्यांना एकच शब्द? उद्या घरात बायको, आई, बहीण, सगळ्यांना 'अगं' म्हणून हाक मारा आणि बघा कोण कोण ओ देतं."

साहेब म्हणाले, "बाण, अर्थ एकच आहे ना?"

"अर्थ एक असता तर शब्द इतके कशाला झाले असते?"

मग त्यांनी ग्रंथालयातून जाडजूड शब्दकोश आणला आणि एका वहीत 'कॉरिडॉर'चे अर्थ आणि त्याचे सगळे भाऊबंद उतरवून काढले. दोन्ही बाजूंना दारं असतील तर मार्गिका. दारं नाहीत, नुसत्या भिंती, तर बोळ. एक बाजू उघडी असली की सज्जा. दोन इमारतींना जोडणारा तो जोडमार्ग. जमिनीखाली जाणारं भुयार. प्रत्येक वाट चालून यायचे आणि वहीत तिच्यापुढे तिचं नाव लिहायचे. बावीस वाटांची नावं ठरली.

तेविसावी राहिली. तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डातून नव्या जिन्याकडे जाणारी. ती नुकतीच बांधून झाली होती, आणि त्याच आठवड्यात काकू त्या वॉर्डात भरती झाली. काका तिच्या खाटेशेजारून हलेनात. साहेबांनी घाई लावली. तेव्हा काकांनी तिथेच स्टुलावर बसून पाटी रंगवली. कागदावरचाच 'मार्गिका' हा शब्द लिहिला, खाली 'बाहेर' आणि एक लाल बाण. वॉचमनकडून ठोकून घेतली. न चाललेल्या वाटेला लावलेली ही त्यांची एकमेव पाटी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. काकूला लिहिता-वाचता येत नव्हतं. अख्ख्या गावाला अक्षरं वाटणाऱ्या माणसाची बायको निरक्षर, याची काकांना लाज वाटायची. काकूला नाही वाटायची. ती डबा घेऊन आली की ओल्या बाणाला हमखास बोट लावायची आणि काका ओरडायचे, "अगं, डाग पडतो!"

काकूला घरी सोडलं त्या दुपारी काका फाटकाशी रिक्षा आणायला गेले. कुणाला रस्ता विचारताना तिला वाचता येत नाही हे उघडं पडू नये, म्हणून त्यांनी तिला बजावलं होतं, "कुणाला काही विचारू नकोस. बाण दिसेल तशी चाल. पुढचा बाण दिसला नाही तर तिथेच थांब, मी येतो."

चार वाजता सिस्टरने तिला त्या पाटीखालून वळताना पाहिलं. चप्पल फटकफटक वाजवत. पलीकडच्या टोकाला जिन्याच्या तोंडाशी वॉचमन बसला होता. तो म्हणाला, कुणी आलंच नाही. मधे सरळ चाळीस पावलं, गुळगुळीत भिंती, ना दार ना खिडकी. पोलीस आले, भिंती ठोकून पाहिल्या. काकू सापडली नाही.

लोक काय बोलायचे ते बोलले. काका मात्र रोज चार वाजता तिथे जायला लागले. निवृत्त झाल्यावरही. त्यांच्यासोबत मी काही वेळा गेले आहे. जाताना चाळीस पावलं भरायची, येताना एक्केचाळीस. मी स्वतः मोजली. आणि मध्यावर आलं की कुणाच्या तरी अगदी जवळून गेल्यासारखं अंग चोरलं जायचं. कुणी तिथे वाट पाहत उभं आहे, असं वाटायचं.

काकांनी ठरवूनच टाकलं होतं की चूक शब्दात झाली. "आपण तिला चुकीच्या नावाने हाक मारली," ते म्हणायचे. तिला म्हणजे त्या वाटेला. "नाव बरोबर लागलं की ओ देईल. आत घेतलंय ते परत करेल." ते पाटीवरचा शब्द खरवडायचे, नवा लिहायचे, महिना-महिना थांबायचे, वहीतला शब्द खोडायचे. बोळ, जोडमार्ग, खिंड, गल्ली, दालन, सगळं झालं. काकूला यातलं एकही अक्षर वाचता आलं नसतं, हे मला दिसत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. घरात जो विषय निघत नाही तो आपण कशाला काढायचा, असं म्हणत एकोणीस वर्षं गप्प बसले. याची मला आजही शरम वाटते.

गेल्या महिन्यात नोटीस लागली. लिफ्टसाठी ती वाट सोमवारी दोन्हीकडून बंद करणार होते. शनिवारी काका वही घेऊन माझ्या खिडकीशी आले. वहीतले सगळे शब्द खोडलेले होते.

"एक तरी शब्द सांग गं. तुला सुचेल तो."

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी बोलून गेले, "काका, काकूला वाचता कुठे येत होतं?"

काकांनी वही मिटली.

"तुम्ही तिला बाण बघून चालायला सांगितलंत. आत बाण कुठे आहे?"

काका मटकन बाकावर बसले. मग फार हळू म्हणाले, "थांब म्हणालो होतो मी तिला. मी येतो म्हणालो होतो."

लाल रंगाचा डबा त्यांच्या पिशवीत असायचाच. चार वाजता आम्ही आत गेलो. विसाव्या पावलावर त्यांनी भिंतीवर बाण काढला, जिन्याच्या दिशेने. मग आम्ही जिन्याच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. काका आत तोंड करून म्हणाले, "अगं, ये."

मध्यावरून चपलेचा आवाज निघाला. फटक, फटक. मी मोजत होते. वीस झाली आणि आवाज आमच्यासमोर थांबला. समोर कुणीही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

काका डावीकडे थोडे सरकले, शेजारी जागा केल्यासारखे, आणि जिना उतरू लागले. एकेका पायरीवर थांबत, आजारातून उठलेल्या माणसाला नेतात तसे. मी मागून चालले. वाटेतले सगळे बाण जुने, कित्येक वर्षांपूर्वी वाळलेले. प्रत्येकावर लाल रंगाचं एक ओलं बोट उठलं होतं. मी हात लावला तर माझंही बोट लाल झालं. फाटकापर्यंत एकही बाण सुटला नव्हता.

सोमवारी वाट बंद झाली. काका त्यानंतर हॉस्पिटलात आले नाहीत. परवा दुपारी मी त्यांच्या घरी गेले. काका आत चहा टाकत होते. टेबलावर तीच वही उघडी होती, दोन खुर्च्या जवळ ओढलेल्या. शेवटच्या कोऱ्या पानावर काकांनी वळणदार 'अ' काढून दिला होता. त्याच्याखाली ओळभर 'अ' गिरवले होते, वेडेवाकडे, थरथरत्या हाताचे, आणि कडेला लाल बोटाचा डाग होता.

"डाग पडू दे गं," आतून काका कुणाला तरी म्हणत होते. "तू गिरव."