टोकाचा गडी

दोन वस्तू हाताशी आल्या की तो त्या शेजारी शेजारी मांडायचा. मिठाची आणि मिरपुडीची बाटली, दोन समोसे, एकदा तर आमच्या दारातल्या माझ्या दोन चपला. मग कमरेवर हात ठेवून समोरच्याला विचारायचा, "बोला, कोण उतरणार?"

समोरचा कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. लिफ्टमध्ये भेटलेला इस्त्रीवाला असो, सोसायटीचे सेक्रेटरी असोत, नाहीतर पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. सासूबाईंनी समोसे नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, "हा जरा करपलाय. दुसरा घ्या." तो गंभीरपणे म्हणाला, "बिल्कुल. आई म्हणतात तर विचार केला पाहिजे."

तुमच्याही आसपास असा एखादा असेल. त्याला जगात एकच अडचण दिसते, आणि ती सगळ्यांचीच आहे असं त्याला मनापासून वाटतं. याची अडचण होती टाइट एंड, अमेरिकन फुटबॉलच्या टीममधली एक जागा.

गुरुग्रामला राहायला आलो तेव्हा वरच्या मजल्यावर मराठी आडनावाची पाटी बघून आम्हाला हायसं वाटलं होतं. तो मूळ साताऱ्याकडचा, पण वडील फौजेत असल्यामुळे लहानपण सगळं दिल्ली कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. मराठी छान बोलायचा, फक्त मधेच एखादा शब्द त्याच्या हातून निसटायचा. "वहिनी, ते दरवाजाखालचं लाकूड असतं ना, त्याला काय म्हणतात यार?" बायको सांगायची, उंबरठा. "अच्छा, उंबरठा!" आणि संध्याकाळपर्यंत तोच शब्द तोंडात घोळवत बसायचा.

जवळच मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटीचा मॅनेजर होता. कंपनीने मध्यंतरी काही वर्षं त्याला अमेरिकेत पाठवलं होतं. तिथे तो आणि त्याची बायको अमेरिकन फुटबॉलच्या नादाला लागले. हा फुटबॉल पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळतात. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि दोन रांगा एकमेकींवर धडकतात. दोघं परत आली, आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत बायको गेली. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी तो दिल्लीभर वणवण फिरला होता. मिळालाही एक. तो घेऊन पोचला तेव्हा उशीर झाला होता. मूलबाळ नव्हतं.

याबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला. "सोमवार ते शनिवार फॅक्टरी आहे रे. रविवारचं काय करायचं ते कुणी सांगत नाही."

म्हणून त्याने या फुटबॉलची टीम काढली आणि स्वतःच कोच झाला. कारखान्यांच्या मागे एक ओसाड मैदान होतं, तिथे दर रविवारी सकाळी सगळे जमायचे. शॉप फ्लोअरवरचे कामगार, जिममधले ट्रेनर, एक कॅबवाला, दिल्लीत मुनिरकाच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारे विद्यार्थी. मी आपला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला जात असे. खेळायचे जीव तोडून आणि हरायचे प्रत्येक वेळी.

टाइट एंड म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहणारा गडी. अर्धा वेळ त्याने समोरच्या दांडग्यांना अंगावर घेऊन थोपवायचं, आणि उरलेला अर्धा वेळ त्याच दांडग्यांमधून निसटून पळत जाऊन चेंडू झेलायचा. दोन्ही कामं येणारा माणूस आमच्याकडे नव्हता. एकेक काम येणारे दोन होते.

पहिला जगबीर. मानेसरच्या बाजूच्या गावातला, कबड्डी खेळलेला, दारासारखा रुंद. त्याच्या अंगावर कोणी आपटलं की आपटणाराच खाली बसायचा. पण चेंडू हातात आला की साबणाच्या वडीसारखा सुटायचा. दुसरा बालाजी. परभणीकडचा, मुनिरकात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा, उंच आणि काटकुळा. हवेतला चेंडू तो झाडावरचं फळ काढावं तितक्या सहज काढायचा. धक्का लागला की मात्र लांब जाऊन पडायचा आणि हसत उठायचा.

दोघांतला कोण उतरणार, हा वाद पावसाळ्यात सुरू झाला तो थंडीपर्यंत चालला. टीमचे दोन तट पडले. माझी बायको म्हणाली, "आलटून पालटून खेळवा की दोघांना." तो कळवळून म्हणाला, "वहिनी, सुरुवात एकानेच करायची असते. पहिल्या धडकेतच समोरच्याला कळतं, आपल्याकडे काय आहे ते."

आम्ही हसायचो. पण त्याचं हसणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. पोरं गळायला लागली होती. चंदीगडच्या टीमशी सामना ठरला होता, आणि तोही हरलो तर आता बास, असं उरलेल्यांनी आपसात ठरवून त्याला सांगून टाकलं होतं. त्या आठवड्यात तो माझ्याकडे चहाला आला आणि कपाकडे बघत म्हणाला, "टीम मोडली तर मी काय करू, ते सांग ना. सीरियसली विचारतोय."

सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने दारातूनच सांगितलं, "बालाजी."

रविवारी धुरकं इतकं दाट होतं की पलीकडचे गोलपोस्ट दिसत नव्हते. जगबीर बाहेर माझ्याशेजारी बसून गुडघे चोळत होता. बालाजीने पहिले दोन चेंडू असे झेलले, की कोच एवढा मोठा माणूस, बाकावर चढून नाचला. त्याला तसं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढचा चेंडू जरा उंच आला. बालाजी उडाला, चेंडू हातात घेतला, आणि तो हवेत असतानाच एक धिप्पाड गडी त्याच्या कमरेवर येऊन आदळला. बालाजी डोक्यावर पडला. चेंडू त्याने सोडला नव्हता.

या वेळी तो उठला नाही.

"हिलाना मत! हलवू नका त्याला!" कोच ओरडत धावला. बालाजीचे डोळे उघडे होते. तो म्हणाला, "सर, पाय कुठायत माझे?"

जगबीर पोटावर आडवा झाला आणि हेल्मेटसकट बालाजीचं डोकं त्याने दोन्ही हातांत धरलं. गेटपाशी रस्ता खोदलेला, ॲम्ब्युलन्सला लांबून वळसा घालून यावं लागणार होतं. थंडीने जमीन गार पडली होती. कोणीतरी जगबीरला म्हणालं, जरा दुसऱ्याला धरू दे. त्याने मानही वर केली नाही. "मैं ना छोडूँ." ॲम्ब्युलन्स आली, बालाजीला फळीवर बांधलं, तेव्हाच त्याने हात काढले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, मान जरा जरी हलली असती तरी श्वास गेला असता. कोचने विचारलं, "आणि पाय?" डॉक्टर म्हणाले, "ते आत्ता सांगता येणार नाही."

मग घरी फोन करायची वेळ आली. परभणीला बालाजीची आई होती, वडील नव्हते. मी करतो म्हणालो, तर कोचने फोन माझ्या हातून काढून घेतला. नंबर लावला आणि लगेच कापला. माझ्याकडे वळला. "मानेला लागलंय म्हणू, की... पाठीच्या हाडाला काय म्हणतात मराठीत? सांग ना यार, मला शब्द येत नाहीये." मी म्हणालो, मणका. तो दोनदा पुटपुटला, "मणका, मणका," आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

जगबीर आमच्यासमोर उभा होता. कोच त्याला म्हणाला, "तुझे उतारना चाहिए था."

जगबीर शांतपणे म्हणाला, "तो मैं पड़ा होता, सर. माँ तो मेरी भी है."

बालाजीची आई आली ती आपल्या भावाला घेऊन, एका पिशवीनिशी. अंगणवाडीत काम करणारी, सडपातळ बाई. काचेतून मुलाकडे खूप वेळ बघत राहिली. मग कोचकडे वळून म्हणाली, "तुम्ही त्याचे कोण?"

"ताई, मीच... मीच उतरवला त्याला."

"कुठं उतरवला?"

"मैदानात. खेळायला."

"तो तर अभ्यासाला आलाय इथं," ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. त्याने तिच्या पायाशी वाकायला सुरुवात केली तशी ती मागे सरकली. "असं नका करू दादा. मला भीती वाटते."

ऑपरेशन झालं. त्याने आपल्या फ्लॅटची किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः हॉस्पिटलच्या बाकावर मुक्काम हलवला. बायको गेल्यापासून त्याच्या स्वयंपाकघरात चहाखेरीज काही शिजत नव्हतं. आता तिथून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. ती मुलाच्या डब्याबरोबर त्याचाही डबा आणायची. तो डबा उघडायचा, बघायचा आणि झाकण लावायचा. चहा की कॉफी विचारलं तरी गोंधळून जायचा. "तूच सांग," म्हणायचा, "माझं नको." टीमचा विषय कोणी काढला नाही. ती आपोआप संपली.

हाताला ताकद आली. मग एका पायाचा अंगठा हलला. बाकीचं हळूहळू येईल किंवा येणारही नाही, व्यायाम मात्र रोज करून घ्या, असं सांगून डॉक्टरांनी घरी सोडलं. आई म्हणाली, आम्ही गावी जातो.

स्टेशनवर मी होतो, जगबीर होता. कोचने बालाजीला व्हीलचेअरवरून उचलून पाठीवर घेतलं आणि डब्यात चढला. खाली उरलेल्या पिशव्या जगबीरने खिडकीतून दिल्या. बालाजीला नीट निजवलं, मानेखाली उशी झाली, आणि गाडीने शिट्टी दिली.

"अरे, ये ना खाली!" मी ओरडलो.

तो दारात आला. अंगावर घरातला शर्ट, पायात स्लिपर. गाडी हलली. तो दांडा धरून तसाच उभा राहिला. मी शेजारून पळत होतो. "काय करतोयस? सुट्टी टाकलीस का?" त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मथुरेहून फोन आला. "वहिनींना सांग, जरा वर जाऊन गॅस बंद आहे का बघा. आणि मला दोन-चार शर्ट पाठव."

आठ दिवसांत येईन म्हणाला होता. महिनाभराने त्याने नोकरी सोडली. बालाजीच्या घराजवळ एक खोली घेतली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन त्याचे पाय चालवायला लागला. आईने आधी नको म्हटलं, मग नको म्हणायचं सोडलं. वरच्या फ्लॅटमध्ये आता एक पंजाबी कुटुंब भाड्याने राहतं.

मी मधूनमधून फोन करतो. परवा केला तेव्हा तो दोन वाक्यं बोलला आणि म्हणाला, "थांब, थांब, तो उठतोय." फोन कापायचा राहून गेला. मला काठी टेकल्याचा आवाज आला, मग कोचचा आवाज, "हळू... मी आहे... हळू." बराच वेळ नुसती काठी. मग काहीतरी धाडकन पडलं, बालाजीची आई ओरडली आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. उचलला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला.

"पडला. लागलं नाही. उद्या परत."