माहेरी टॉकीज, सासरी कॅसेट

माझे वडील नागपूरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मशीनवर रिळं चढवायची, पिक्चर चालवायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं. मला स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं होतं की मुलाचं कोराडीच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीजवळ टीव्हीचं दुकान आहे. साखरपुड्याच्या दिवशी आम्ही दुकान पाहिलं. भिंतभर कॅसेटी लावलेल्या होत्या. ती पिक्चरच्या कॅसेटी भाड्याने देणारी व्हिडिओ लायब्ररी होती.

घरी आल्यावर वडील चपला काढता काढता आईला म्हणाले, "या कॅसेटीनं माही बाल्कनी रिकामी केली, अन् मी त्याच घरात पोरगी देऊन राहिलो." आईने लग्न मोडू दिलं नाही. मुलगा निर्व्यसनी होता, बोलायला मऊ होता.

आणि तो खरंच तसाच निघाला. ते दिवस आमचे बरे होते. पॉवर हाऊसमधली माणसं शिफ्ट संपवून थेट दुकानात यायची. सुट्टीच्या आदल्या दिवशी व्हीसीआर चादरीत गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधून न्यायची, आणि एका घरात सगळी गल्ली बसायची. कॅसेट परत आली की तिची टेप सुरुवातीपर्यंत उलटी फिरवून ठेवायचं काम माझ्याकडे. राखेचा त्रास फार. पॉवर हाऊसच्या चिमणीची राख कुठूनही आत शिरायची आणि मग पडद्यावर रेघा दिसायच्या. मी दिवसातून कितीदा तरी फडकं मारायची.

वडील सणावाराला यायचे ते मागच्या दाराने. दुकानात पाऊल टाकायचे नाहीत. एकदा नवऱ्याने नवीन रंगीत टीव्ही आणला आणि फार अदबीने त्यांना पिक्चर पाहायला बोलावलं. वडील म्हणाले, "जावईबापू, पिक्चर पाह्याले घरातून निघा लागते." नवरा हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण तोवर त्यांच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ बंद झाला होता.

पुढे टॉकीजच्या मालकाने पडदा बदलला, आवाजाची नवी यंत्रणा बसवली. माणसं आली नाहीत. केबल आलं होतं. टॉकीज बंद झाली आणि त्याच सुमारास आई गेली. मी एकुलती एक. वडिलांना आमच्याकडे घेऊन आले.

घर दोन खोल्यांचं, आणि दिवसभर बसायला जागा म्हटली तर दुकानातलीच. पहिले काही दिवस ते अंगणात बसले. मग ऊन वाढलं आणि एका दुपारी आपणच आत येऊन पंख्याखाली बसले. हळूहळू गिऱ्हाइकाला कॅसेट काढून देऊ लागले. त्यांचं आणि नवऱ्याचं चांगलं जमलं. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण जमलं तेव्हा दुकान उतरणीला लागलं होतं.

सीडी आली. नवऱ्याने कॅसेटी माळ्यावर टाकल्या आणि फळ्यांवर सीडी लावल्या. त्या लावून होत नाहीत तोच डीव्हीडी आली. नवरा वडिलांना म्हणाला, "आता हे शेवटचं, मामाजी. याच्यापुढं काय येईन?" टॉकीजच्या मालकानेही पडदा बदलताना असंच काहीसं म्हटलं होतं, हे वडिलांनी मला नंतर सांगितलं.

पुढे पेन ड्राइव्ह आला, मग मोबाइल. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले एक काका, एका दुपारी डीव्हीडी परत करायला आले. ती ठेवून ते घुटमळत उभे राहिले. पोराने सगळं मोबाइलमध्येच टाकून दिलं, असं खाली मान घालून म्हणाले. नवऱ्याने त्यांना चहा पाजला. त्यांच्यानंतर कोणी आलं नाही.

दुकान रिकामं करायचं ठरलं. कबाडीवाल्याने सीडी घेतल्या, पण कॅसेटींना हात लावेना. म्हणाला, "टेप काढून द्या बाई, मंग डब्बे घेतो." आम्ही तिघं अंगणात बसलो आणि एकेक कॅसेट फोडून टेप ओढू लागलो. काळ्या टेपांचा गुडघाभर ढीग झाला. वडील मध्येच थांबले. म्हणाले, "आमची जुनी रिळं भट्टीत टाकली का चांदी तरी निघे. याच्यातून काय निघते?"

नवऱ्याने पुढची कॅसेट फोडली.

टेप कोणीच नेईना, म्हणून शेवटी आम्ही ती जाळली. काळा, उग्र धूर निघाला. शेजारीण खिडकी लावून घेत ओरडली, "काय जाळून राहिली वं?" मी सांगितलं, कचरा.

पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं आणि ते त्याबद्दल कुरकुरतही नव्हते. नवरा आता शहरातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये गाड्या लावायची ड्युटी करतो, कोराडीहून बसने जातो. मॉलच्या वरच्या थिएटरात दुपारचे खेळ माणसं नाहीत म्हणून कितीदा रद्द होतात, असं एकदा जेवताना म्हणाले. मी म्हटलं, दुसरं काही काम पाहा. ते म्हणाले, "मले दुसरं येते काय?"

आमची मुलगी पुण्याला असते. बाबांना इकडे पाठव, म्हणून मागे लागते. ते नाही म्हणतात. मीही आता आग्रह करत नाही. तिकडे जाऊन तरी ते काय करतील.